मागचं रीळ आधी

मंगळवारी पायलट गेला. जीप दारात उभी होती.

विमानात तो जन्मात बसला नव्हता. चिखली ते हिवरा आश्रम जीप चालवायचा. निघताना आधी आभाळाकडे पाहायचा, मग मागे वळून म्हणायचा, "बसा घट्ट. बर्फ पडाच्या आत आश्रमले उतराचं हाय." एप्रिलच्या उन्हात घामाघूम झालेली माणसं हसायची आणि सरकून आणखी एकाला जागा द्यायची.

हे सगळं एका पिक्चरमुळे. आम्ही दोघं सोनाळ्याचे, शाळेत एका बाकावरचे. तिथल्या जत्रेतल्या तंबूत एकदा जुना इंग्रजी पिक्चर आला. काळापांढरा. बर्फाचे डोंगर, आणि तिथे अडकलेल्यांना छोट्या विमानातून सोडवून आणणारा वैमानिक. तंबूवाल्याने मागचं रीळ आधी लावलं. त्यामुळे वैमानिक आधी कड्यावर आदळून मेला, त्याच्यावर बर्फ पडला, बाया रडल्या. आणि पुढच्या रिळात तोच माणूस चहा पिऊन विमान सुरू करू लागला. तंबूत शिट्ट्या वाजल्या. घरी जाताना मी रिळांची चूक समजावून सांगितली. तो म्हणाला, "तुह्या हिशोबानं मेला असन बे. मी तं त्याले उडताना पाहून आलो."

पुढे जन्मभर त्याने तो पिक्चर त्याच क्रमाने सांगितला. इंग्रजीचा एक शब्द कळला नव्हता, म्हणून त्याच्या पिक्चरमधले साहेब वऱ्हाडी बोलायचे.

रविवारी संध्याकाळी तो आमच्याकडे यायचा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून माझ्या बायकोला विचारायचा, "वयनी, कुठवर आलतो आपून?" शांताला प्रत्येक वळण पाठ होतं, तरी तिचा हात परातीतच थांबायचा आणि तव्यावरची भाकरी करपायची. ती माझ्या ताटात यायची. मी शाळेचं ग्रंथालय सांभाळणारा माणूस. लग्नानंतर मीही तिला चांगली चांगली पुस्तकं वाचून दाखवली होती. ती ऐकायची, आणि भाकऱ्या चांगल्या व्हायच्या.

एका पावसाळ्यात शांताच्या पोटात असह्य दुखू लागलं. पायलटने जीपमधले प्रवासी उतरवले आणि आम्हाला घेऊन बुलढाण्याच्या रस्त्याला लागला. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन 'होईल बरं, होईल बरं' एवढंच म्हणत होतो. तो समोरून ओरडला, "वयनी, खाली बर्फच बर्फ हाय. डोये मिटू नका. उतराची जागा पाहा." शांताने कण्हत हात उचलला आणि काचेबाहेर बोट दाखवलं. "तिकडं," ती म्हणाली, आणि हसली. डोकं माझ्या मांडीवर होतं, पण ती त्याच्या विमानात होती.

वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. मी पायलटचे आभार मानले. कुणाचा इतका राग आलेला असताना मी कधी आभार मानले नव्हते.

तो गेल्यानंतरच्या रविवारी शांताने चूल पेटवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमाले येते ना थो पिच्चर? सांगा."

मी सुरुवातीपासून सुरुवात केली, चहापासून. तिने मला थांबवलं.

"असं नाही. आधी थो पडते."

मग मी त्याला आधी पाडलं. त्याच्यावर बर्फ पडू दिला, बायांना रडवलं आणि नंतर विमान सुरू केलं. साहेबांना वऱ्हाडीही बोलायला लावलं. शांता सगळा वेळ उंबऱ्याकडे पाहत होती.

आता दर रविवारी तो पिक्चर मी सांगतो. भाकऱ्या चांगल्या होतात.