पाखऱ्याचं ठाण

माझ्या मामेसासऱ्यांइतका घोड्यांशी अदबीनं आणि माणसांशी उर्मटपणानं वागणारा माणूस भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत दुसरा झाला नसेल. उत्रोलीला त्यांच्या दारात जाणाऱ्याला आधी शिवी मिळे, मग पाणी. घोडीला मात्र 'बाईसाहेब'! मला देवी टोचण्याची नोकरी लागली होती. गावं वेल्ह्याच्या अंगाला, वाट घोड्याची. पावसाळ्याच्या आत घोड्यावर बसता आलं नाही तर नोकरी गेली, असं साहेबानं बजावलेलं. आणि मी तर बैलालासुद्धा घाबरणारा. बायकोनं देवापुढं नारळ ठेवून मला मामांच्या स्वाधीन केलं.

पहिल्या दिवशी मामांनी घोडीला हात लावू दिला नाही. "आदी वळख द्या. नाव, गाव, कुणाचं जावई, समदं सांगा. अनोळखी माणसाला कोन पाठीवर घेतं व्हय?" मी हात जोडून चंद्री घोडीला कुळी सांगितली. ती फुरफुरली. मग मामांनी मला शेजारच्या रिकाम्या ठाणापुढं उभं केलं. "आता पाखऱ्याला सांगा." तिथं खुंटा होता, ताजं गवत होतं, घोडा नव्हता. पाखऱ्या मरून कैक पावसाळे लोटले होते. मला हसू फुटणार, तोच चंद्रीनं खुंट्याकडं कान वळवले आणि गवत हललं. मी घाईघाईनं पुन्हा नाव सांगितलं, या वेळी आडनावासकट.

मामा रोज त्या रिकाम्या जागी खरारा फिरवत आणि दटावत, "सरक की जरा, लई माजलास!" बाहेर काढली की चंद्री वाटेच्या उजव्या कडेनं चाले, शेजारी कुणी असावं तशी. "त्यो डाव्या अंगाला असतो," मामा सांगत. "तिनं पाय रोवलं तर टाच मारू नका. उतरा, अन् त्याला फुडं जाऊ द्या." मी मान डोलवी. येडा म्हातारा, दुसरं काय!

कसाबसा बसायला शिकलो आणि मामांनी फेरीला चंद्रीच दिली. पावसाळ्यातल्या पहिल्याच फेरीत, मार्गासनीच्या पुढं, भर दुपारी धुकं उतरलं आणि चंद्रीनं पाय रोवले. पुढच्या गावी माणसं खोळंबलेली. मी टाच उचललीही होती. पण कुणास ठाऊक काय वाटलं, उतरलो. "जा बाबा पुढं," म्हणालो. डावीकडून टापा वाजत पुढं गेल्या आणि एकाएकी थांबल्या. धुकं विरलं तेव्हा समोर ओढ्यावरचा साकव वाहून गेलेला. खाली नुसतं पाणी धावत होतं.

उत्रोलीला येऊन हे सांगितलं, तर मामा माझ्यावरच खेकसले. "जावईबापू, निव्वळ गाढव हाय तुमी! त्याला गूळ आणला का न्हाई?"

मामा गेले, चंद्री माझ्याकडं आली. तिच्या शेजारचं ठाण मी रिकामं ठेवलंय, गवत टाकतो. बायको हसत नाही. चंद्री अजून कडेनंच चालते, पण आता पहिल्यापेक्षा जास्त सरकते. एक घोडा आणि त्याचा लगाम धरून चालणारा माणूस मावेल, एवढी जागा सोडते. डावीकडं बघायचा मला धीर होत नाही. एखादी शिवी ऐकू येईल म्हणून कान मात्र देत राहतो.