आबांचा मॅनेजर

आमच्या शेजारच्या कृष्णनाथआबांनी आयुष्यात एकही चूक केली नाही. हे मी म्हणत नाही, ते स्वतः म्हणत. डिचोलीच्या खाणीवर ते टिपर चालवायचे. एकदा टिपर गटारात गेला, तर साहेबाला सांगितलं की गटारच रस्त्यावर आलं होतं. भाकरी करपली तर तवा वाईट. मुलगा सगुण गणितात नापास झाला तर मास्तरीण वाईट. ती मास्तरीण मी होते, म्हणून हे माझ्या पक्कं लक्षात आहे.

खाणी बंद पडल्या आणि आबा कायमचे पार्सेला घरी आले. बायको होती तोवर त्यांचे दिवस बरे चालले होते. सकाळी चहावरून भांडण, दुपारी माशांच्या हुमणावरून. ती गेली आणि भांडायला माणूस उरलं नाही. सुनेशी भांडायचं नसतं, हा त्यांचा नियम. मुलगा घरात सापडत नसे. सगुण वीज खात्यात लाइनमन आहे, पावसाळ्यात त्याला बघायचं तर मान वर करून खांबावर बघावं लागतं. तर आबा गप्प झाले. वसरीतल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, खाटेवर बसून रस्त्याकडे बघत राहायचे. काही विचारलं तर 'हूं'. पूर्वी ह्या माणसाच्या आवाजानं माझी दुपारची झोप मोडायची आणि मी त्यांना मनातल्या मनात शिव्या द्यायची. पण ते 'हूं' ऐकून मला भीती वाटायला लागली.

सून पद्मावती. हिच्या घरात धुळीलाही पाय पुसून यावं लागतं. भांडी दोनदा घासते, फरशी तीनदा पुसते, आणि बाहेरून येणाऱ्याला आधी पायांकडे बघूनच ओळखते. मनानं वाईट मुळीच नाही. फक्त तिच्याकडे चहा प्यायला गेलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं, आणि मला परीक्षेला बसायची सवय नाही. मी परीक्षा घेणारी.

अशा घरात कुत्रा आला.

आणला तो तिच्या मुलानं, रुद्रेशनं. तो हरमलला पर्यटकांच्या खोल्या सांभाळतो. एका विदेशी बाईनं किनाऱ्यावरचं एक पिल्लू पाळलं होतं. मे महिन्यात ती 'आठ दिवसांत येते' म्हणून गेली ती गेलीच. पाऊस तोंडावर, किनाऱ्यावरचे खाण्यापिण्याचे शॅक मोडायला लागलेले, पर्यटक नाहीत. पावसाळ्यात त्या किनाऱ्यावर माणसांना काही मिळत नाही, तिथं कुत्र्याला कोण घालणार? रुद्रेशनं पिल्लू बाजाराच्या पिशवीत घातलं आणि स्कूटरला अडकवून घरी आणलं. एक कान उभा, एक पडलेला.

"ह्या खंय हाडलंस?" पद्मावती दारातच उभी राहिली.

रुद्रेश काही बोलायच्या आत खाटेवरून आवाज आला, "ऱ्हांव दी गे."

राहू दे गं. कित्येक महिन्यांत आबांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं अख्खं वाक्य होतं. पद्मावतीच्या तोंडावर नकार तयार होता, तो तिनं गिळला. मला माझ्या जनेलातून सगळं दिसत होतं.

आबांनी पिल्लाचं नाव ठेवलं मॅनेजर. जन्मभर खाणीवर मॅनेजरचं ऐकलं, आता एक तरी मॅनेजर आपलं ऐकणारा असावा, एवढंच. मॅनेजर ऐकत नव्हता. पहिल्याच रात्री त्यानं देवघराच्या उंबऱ्यापाशी मुतलं. दुसऱ्या रात्री स्वयंपाकघरात. सकाळी पद्मावतीचा आवाज वेशीपर्यंत जाई, "मेल्या मॅनेजरा, परत मुतलंस?" आणि मग ती तिच्या पद्धतीनं साफसफाई करी. पाणी, फिनेल, परत पाणी, आणि शेवटी शुद्धीसाठी जागेवर गोमूत्र. गोठ्यावरून ताजं आणून बाटलीत भरून ठेवलेलं असायचं.

पुढच्या रात्री मॅनेजर तिथंच. ती परत शुद्धी करी, तो परत तिथंच. उंबऱ्यापाशी, चुलीपाशी, कपाटापाशी. जितकी शुद्धी जास्त तितकी घाण जास्त. शेवटी बाटली संपत आली आणि पद्मावतीही. मला म्हणाली, "बाई, ह्यो मुद्दाम करता. माझ्या शुद्धीवर ह्याचो राग आसा."

मग त्याला पेडण्याच्या जनावरांच्या डॉक्टराकडे नेला. डॉक्टर तरुण होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग खाली मान घालून म्हणाला, "काकी, तुम्ही मुताच्या जागी मूत शिंपडताय. त्याला वाटतं घरातले सगळे इथंच करतात."

हे मला पद्मावतीनं स्वतः सांगितलं नाही. रुद्रेशनं सांगितलं, आणि मी पोट धरून हसले. पद्मावती त्या दिवशी जेवली नाही. पण ती खमकी. दुसऱ्या दिवशी बाटली गोठ्यात परत गेली आणि डॉक्टरानं सांगितल्याप्रमाणे ती फरशी माडाच्या विनागरानं, म्हणजे व्हिनेगरनं, पुसायला लागली. महिनाभर त्या घराला लोणच्याच्या बरणीचा वास येत होता. गोमूत्र मात्र कुठल्याच जागेवर पडलं नाही.

बाकीचं वळण लावायचं काम आबांनी अंगावर घेतलं. जेवल्यावर, झोपण्याआधी आणि पहाटे ते मॅनेजरला मागच्या फणसाखाली न्यायचे. पाऊस असला की छत्री घेऊन. छत्री कुत्र्यावर, आबा भिजलेले. आणि टिपर रिकामा करायला सांगावं तशा आवाजात हुकूम, "खाली कर!"

पहिले काही दिवस मॅनेजर त्यांच्याकडे नुसता बघत बसे. मग त्याला समजलं. मग इतकं समजलं की हुकमाशिवाय करीच ना. एकदा आबांना ताप होता, सगळे त्यांच्यामागे. मॅनेजर दाराशी पाय आवळून उभा. मी फणसाखाली नेलं तरी करीना. शेवटी आबांनी खाटेवरूनच ओरडून सांगितलं, तेव्हा बिचाऱ्यानं जे सोडलं ते संपेचना. एवढ्या आज्ञेतलं पोर माझ्या शाळेत एकही नव्हतं.

आणि आबा बोलायला लागले. संध्याकाळी वसरीत मॅनेजरला खाणीच्या गोष्टी सांगत. घाटात ब्रेक कसा लागला नाही, बार्जवर माल कसा ओतायचे, कुठला फोरमन चोर होता. मॅनेजर उभा कान तेवढा त्यांच्याकडे ठेवून ऐकायचा. माझी दुपारची झोप परत मोडायला लागली. मला बरं वाटलं.

पण पाऊस वाढला आणि वसरीत परत ओलं सापडायला लागलं. आता कुठं दुसरीकडे नाही, फक्त आबांच्या खाटेपाशी. मॅनेजर खाटेखाली झोपायचा, म्हणजे मॅनेजरच. फणसाखालची फेरी झालेली असे, तरी सकाळी ओलं. आबा पद्मावती उठायच्या आत उठलेले असत. स्वतःची लुंगी स्वतः विहिरीवर धुऊन दोरीवर टाकायला लागले. मी म्हटलं, कुत्र्यानं माणसाला हुशारी आणली. असं मला वाटलं, आणि मी बाई स्वतःला हुशार समजते.

पद्मावतीनं निकाल दिला. गणपतीच्या चवथीपर्यंत सुधारला नाही तर मॅनेजर परत हरमलला. तिचंही चूक नव्हतं. गणपती वसरीतच बसतो, वर फळाफुलांची माटोळी बांधायची, आबांची खाट आतल्या पडवीत जाणार. वर नणंद रेश्मा आणि तिचा नवरा मुंबईहून येणार, पडवीला लागूनच झोपणार. सोवळ्याच्या दिवसांत घरात मुतणारं कुत्रं आणि जावई, ह्या दोन गोष्टी एका घरात कशा ठेवायच्या?

आबा त्यावर 'हूं' म्हणाले. मी जनेलात होते. ते जुनं 'हूं' होतं.

त्यानंतर आबांनी संध्याकाळचं पाणी पिणं सोडलं. चहाही नको म्हणायला लागले. तरी चार दिवस बरे जात, पाचव्या दिवशी ओलं. मॅनेजर शिव्या खाऊन शेपूट पायात घालायचा. आणि आबा, ज्यांनी सगुणच्या नापास होण्यावरून मला भर बाजारात सुनावलं होतं, ते कुत्र्याची बाजू घ्यायला एक शब्द बोलत नव्हते. रस्त्याकडे बघत बसायचे. मला त्यांचा राग आला. वाटलं, एवढा जीव लावून आता गप्प कसा बसतो हा माणूस.

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी परत ओलं. पद्मावती ओरडली नाही. तिनं फरशी पुसली आणि रुद्रेशला फोन केला. दुपारी रेश्मा यायच्या आत काम उरकायचं होतं. मी माटोळीसाठी आमच्या बागेतली तोरिंजनाची फळं घेऊन गेले होते, त्यामुळे अंगणातच होते. रुद्रेशनं मॅनेजरला स्कूटरवर पुढं पायांपाशी बसवलं. मॅनेजरला वाटलं फिरायला न्यायचंय. खूश होता.

आबा आतून आले. इस्त्रीचा शर्ट, सगळी बटणं लावलेली, पायात चपला, हातात छत्री. सरळ स्कूटरपाशी गेले आणि मागच्या सीटवर बसायला लागले. पाय वर जाईना. रुद्रेशनं धरलं.

"आबा, तुमी खंय?"

"हरमलाक. त्याका सोडतंस तर माका पण सोड."

"आबा, उतरा हो," पद्मावती म्हणाली. "पावसात खंय जातात? कुत्र्यासाठी इतक्या..."

"कुत्र्यासाठी न्हय." आबा स्कूटरच्या आरशाकडे बघत बोलत होते, आमच्यापैकी कुणाकडे नाही. "तो न्हय गे. मी. पाऊस वाढल्यापासून मीच. माका कळना रात्री. जाग येता तेव्हा झालेला असता."

आबांच्या तोंडून 'मीच' हा शब्द स्वतःच्या चुकीबद्दल मी पहिल्यांदा ऐकला. ऐकून आनंद व्हायला हवा होता, इतकी वर्षं मी त्याची वाट बघत होते. मला रडू आलं. मी तोरिंजनं मोजायला लागले.

पद्मावती पुढं झाली, आबांच्या हातातली छत्री घेतली आणि म्हणाली, "रुद्रेश, स्कूटर बंद कर. आबानु, सकाळपासून चाय घेवंक नाय तुमी. चला."

"चाय नाका."

"घेवची. पाणी पण प्यावचा. चवथ झाली की डॉक्टराकडे जावया. ह्या वयात सगळ्यांका होता, औषध आसता." मग आवाज खाली आणून, "रेश्माक कळचा नाय. भावोजींक पण नाय. माझ्यावर सोडा."

आबा उतरले. उतरताना त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. आधार म्हणूनच ठेवला असेल, पण आधार लागेनासा झाल्यावरही तो तिथंच होता.

सोवळ्यामुळे चवथीच्या दिवसांत मॅनेजर माझ्याकडे राहील, असं रेश्मा यायच्या आतच ठरलं. माझा गणपती दिराकडे असतो, मी पूजेला जाऊन येते, घर रिकामंच. मला कुत्रं आवडत नाही हे मी सांगून बघितलं, कुणी लक्ष दिलं नाही. रात्री त्याला माझ्या वसरीत बांधला. झोपण्याआधी आबाच येऊन त्याला फणसाखाली नेऊन हुकूम देऊन गेले. सकाळी उठून बघितलं, फरशी कोरडी.

उजाडलं होतं. कुठंतरी आरतीची झांज वाजत होती. मी वसरीच्या पायरीवर बसून मॅनेजरला दुधात बुडवून पाव घालत होते. शेजारी पडवीत बादली आपटली आणि पद्मावतीचा आवाज आला, अगदी वेशीपर्यंत जाणारा.

"मेल्या मॅनेजरा! चवथीच्या दिवशी पण? लाज नाय तुका? खंय पळालो बघ आता मुतून!"

आत रेश्मा हसली. जावई म्हणाला, "वहिनी, कुत्र्याची जातच तशी."

आणि मग आबांचा आवाज. मोठा, स्वच्छ, पूर्वीसारखा.

"ऱ्हांव दी गे. ल्हान आसा तो. शिकतलो हळूहळू."

आबांचा आवाज ऐकून मॅनेजरनं पाव टाकला, उभा कान भिंतीकडे वळवला आणि भुंकायला तोंड उघडलं. मी त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि रेश्मा न्हाणीघरात जाईपर्यंत तसंच धरून ठेवलं.