कुणाचाच नसलेला रस्ता

मी विहिरीच्या कठड्याला टेप लावून वाकलो होतो आणि पाठीमागून वाळूचा ट्रक गेला. टेप माझ्या हातात थरथरली. कठड्याच्या बांधकामात वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. तिची रुंदी मी वहीत टिपली, पुढं "समक्ष पाहणी केली" असं लिहिलं आणि वही मिटली. पाहणी करणं हे माझं काम. पाहिल्यावर पुढं काही करायचं असतं, हे आमच्या खात्यात कुणी कुणाला शिकवत नसे.

मी तेव्हा बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होतो. ओव्हरसिअर म्हणजे रस्ते आणि मोऱ्या मोजणारा, त्यांची एस्टिमेट करणारा, आणि साहेब येणार असले की आधी जाऊन सावली शोधून ठेवणारा माणूस. बसायचो शिरूरला. हे गाव तालुक्याच्या पार टोकाला, भीमेच्या काठी. नदी ओलांडली की दौंड तालुका. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून एकमेकांची तोंडं बघत नांदतायत. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. पुण्यात इमारती उठत होत्या आणि त्यांची वाळू या नदीतून जात होती.

वाळूचा लिलाव एका ठेकेदारानं घेतला होता. सुरुवातीला त्याचे ट्रक गावाच्या मुख्य पेठेतून जायचे. धूळ उडायची, ओल्या वाळूचं पाणी गळून चिखल व्हायचा, हॉर्ननं शाळा बंद पडायची. दीड वर्ष कुणाची तक्रार नव्हती. मग सरपंचांनी त्याच पेठेत स्लॅबचा बंगला बांधला आणि सहा महिन्यांत दर्शनी भिंतीच्या गिलाव्याला तडे गेले.

आठ दिवसांत ठराव झाला. याच ग्रामपंचायतीला नळाची तोटी बदलायला तीन मासिक सभा लागत. ठराव मात्र फर्मास होता. गावठाण हद्दीत वाळूच्या ट्रकांस बंदी, ओली वाळू ताडपत्रीनं झाकूनच न्यावी, शाळेसमोर हॉर्न वाजवू नये, रस्त्यावर धूळ उडू न देणं ही ठेकेदाराची जबाबदारी. वाचून वाटावं, विलायतेतला कायदा आहे. "जड वाहनांस बंदी"चे दोन बोर्ड मीच उभे करून घेतले. सरपंचांनी बोर्डाजवळ उभं राहून फोटोही काढून घेतला.

आता गावठाण म्हणजे काय, तर सरकारनं घरांसाठी नकाशावर आखून दिलेली जागा. या गावची ती रेघ ओढ्याशी संपत होती. ओढ्यापलीकडे बौद्धवस्ती. पिढ्यान् पिढ्या तिथंच, त्यामुळं रेघेच्या बाहेर. ठेकेदारानं ठराव तंतोतंत पाळला. त्याचे ट्रक बोर्डापाशी आले की अदबीनं वळायचे, ओढा ओलांडायचे आणि वस्तीमधल्या बारा फुटी वाटेनं डांबरी सडकेला लागायचे. ताडपत्री नाही, हॉर्न दाबून, कारण नियम फक्त गावठाणाला होता. आम्ही कायद्यानं चालतो, असं तो सगळ्यांना छातीवर हात ठेवून सांगायचा.

ही वाट पूर्वी माणसांची आणि फार तर बैलगाडीची. तिच्या कडेलाच वस्तीची विहीर. दुष्काळी कामात ही विहीर मंजूर झाली आणि वस्तीतल्याच बायाबापड्यांनी ती खणली. त्याआधी पाण्याला गावच्या विहिरीवर जायचं, लांब उभं राहायचं, आणि कुणाला दया आली की त्यानं वरून हंड्यात ओतायचं, अशी रीत होती. कायद्यानं ती केव्हाच बंद झाली होती. गावानं ती बंद केली नव्हती.

त्या दिवशी टेपचं दुसरं टोक धरून किसनआबा उभे होते. दौंडला रेल्वेच्या केबिनमध्ये सगळी नोकरी करून रिटायर झालेला माणूस. सिग्नल देणारा. रेल्वेत पुढच्या स्टेशनानं लाइन मोकळी असल्याचं कळवलं आणि त्याची रजिस्टरला नोंद झाली, की मगच गाडी सुटते. तोंडी सांगितलेलं तिथं चालत नाही. आबांना तीच सवय जडली होती. अर्ज लिहायचे ते खाली कार्बन घालून, आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलायचे नाहीत. आमचा क्लार्क त्यांना बघितलं की चहाला निघून जायचा.

"साहेब," आबा म्हणाले, "हीर ढासळली, तर आमच्या बायांना परत त्या वरल्या हिरीवर जाऊन हुभं ऱ्हावं लागंल. माझ्या मालकिनीचं निम्मं आयुष्य त्यात गेलं. सुनंचं न्हाई जाऊ देनार."

मी म्हणालो, रिपोर्ट देतो. हे वाक्य मी दिवसातून दहादा म्हणायचो.

ट्रकांना गावात जो नियम लावला तोच वस्तीलाही लावा, असा पहिला अर्ज आबांनी त्याआधीच ग्रामपंचायतीकडं केला होता. उत्तर आलं की वस्ती गावठाणाबाहेर असल्यानं ठराव लागू नाही, आणि सदर वाट ग्रामपंचायतीच्या ताब्यात नाही. दुसरा अर्ज आमच्याकडं आला आणि त्याच्याच पाहणीला मी त्या दिवशी गेलो होतो. त्यात ट्रक, धूळ, विहीर काहीच नव्हतं. एकच ओळ होती: सदर रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, ते लेखी कळवावे. अर्ज फिरवून लिहिलाय, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मी अर्ज डेप्युटी इंजिनिअर साहेबांपुढं ठेवला. हे साहेब रस्त्यांचे अधिकारी, पण रस्त्यावर त्यांचा बूट कधी टेकलेला मी पाहिला नव्हता. पाहणी जीपमधूनच, तीही काच वर करून.

मी म्हणालो, "साहेब, विहीर खरंच धोक्यात आहे. ट्रक वळवावेत असं लिहू?"

"तसं लिहिलं की रस्ता आपला झाला. रस्ता आपला म्हणजे दुरुस्ती आपली, उद्या विहीर पडली की तीही आपल्याच गळ्यात. आपला नाही म्हणून लिहा आणि अर्ज निकाली काढा."

निकाली काढणं म्हणजे अर्जाला कसलं तरी उत्तर देऊन त्याचा आकडा शिल्लक यादीतून खोडणं. अर्जदाराचं काम झालं की नाही, याच्याशी निकालाचा संबंध नसतो. मी लिहिलं, "सदर रस्ता या खात्याच्या कोणत्याही नोंदवहीत नाही. सबब या कार्यालयाचा त्यावर हक्क अगर जबाबदारी नाही." भाषा मला फार आवडली. साहेबांनी न वाचताच सही ठोकली.

तिसरा अर्ज महसूलकडं. त्यांनी तर आमच्याही पुढं मजल मारली. नकाशावर सदर ठिकाणी रस्ता दर्शविलेला नाही, सदर क्षेत्र अमुक गटातील खातेदारांचे आहे, असं कळवून त्यांनीही हात झटकले. ते खातेदार म्हणजे आबा आणि त्यांचे तिघे भाऊबंद. जुनी वतनाची जमीन होती. वतनं गेल्यावर ती रीतसर त्यांच्या नावावर झाली होती आणि सातबारा आबांच्या पिशवीत होता. तीन ऑफिसं, तीन हुशार साहेब, आणि आपण काय लिहून देतोय हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. मी चौथा शहाणा.

मग पावसाळा लागला. भीमा दुथडी भरली की वाळू निघत नाही, म्हणून ट्रक चार महिने बंद असतात. त्या काळात ओढ्यापलीकडं कुणी फिरकलं नाही. सरकारी माणसाचं आणि ठेकेदाराचं एका बाबतीत जमतं. काम नसताना दोघंही जागेवर जात नाहीत.

दसऱ्याच्या पुढं नदी उतरली. एका सकाळी साहेबांनी मला बोलावून जीपमध्ये घातलं. ठेकेदाराचा निरोप होता की गाड्या अडल्यात आणि सरकारी रस्ता चोरीला गेलाय. साहेब वाटभर तणतणत होते. रस्ता चोरीला कसा जाईल, हे मला कळत नव्हतं.

पोचलो तर सडकेवरून वस्तीकडं वळायच्या जागी तीन रिकामे ट्रक ओळीनं उभे, नदीकडं तोंड करून, इंजिनं बंद. पुढं वाट नव्हती. वाटेच्या जागी ज्वारी होती, वितभर वाढलेली, ओळीत, हिरवीगार. ट्रकांनी दाबून दगड केलेली ती जमीन वस्तीतल्या बायकापुरुषांनी टिकावानं फोडली होती, नदीचा गाळ वाहून टाकला होता, दोन बैलजोड्यांनी नांगरून पेरली होती. विहिरीला जायला तेवढी हातभर पायवाट ठेवली होती.

ठेकेदार नुसता नाचत होता. पुढच्या गाडीचा ड्रायव्हर बाभळीखाली तंबाखू मळत बसला होता. गाडी घाल म्हणून मालक सकाळपासून त्याच्यावर ओरडतोय, असं कळलं. साहेबांना बघून ठेकेदाराला परत चेव आला. ड्रायव्हर उठला, तंबाखू दाढेला धरली आणि म्हणाला, "मालक, काडून टाका कामावरनं. हुभ्या पिकात गाडी घालत न्हाई म्या. माज्या घरी बी जुंधळा हाय."

बाकीचे दोघे ड्रायव्हर तर जागचे हललेच नाहीत. सरपंच टोपी सारखी करत उभे होते. त्यांची जिरायत आणि बागायत मिळून मोठी शेती, आणि बघायला आता निम्मं गाव जमलेलं. उभ्या पिकावरून ट्रक घाला, हे शेतकऱ्याच्या तोंडून चारचौघांत निघत नाही, मनात कितीही असलं तरी. ते फक्त साहेबांकडं बघत होते.

साहेब जीपमधून उतरले. हे मी पहिल्यांदाच बघितलं. किसनआबा बांधावर उभे होते, अंगात धुवट पांढरा सदरा, खाकेत पिशवी.

साहेब कडाडले, "सरकारी रस्ता नांगरलात तुम्ही. याला शिक्षा काय आहे, ठाऊक आहे?"

"कंच्या सरकारचा रस्ता, साहेब?" आबांनी शांतपणे विचारलं आणि पिशवीतून कागद काढले. पहिला ग्रामपंचायतीचा. दुसरा आमचा. तिसरा महसूलचा. "ह्यो तुमच्या सहीचा हाय. जरा मोठ्यानं वाचता का? समद्यांना ऐकू द्या."

साहेब वाचायला लागले आणि "हक्क अगर जबाबदारी नाही" इथं येऊन अडखळले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ज्वारीकडं बघितलं. ज्वारी खरंच चांगली आली होती.

ठेकेदार म्हणाला, कोर्टात जाऊ. आबा म्हणाले, खुशाल जा, पण रस्ता ज्याचा त्यानं जावं. तिन्ही कचेऱ्यांनी तो आपला नाही म्हणून लिहून दिला होता. जाणार कोण?

शेवटी सरपंच पुढं झाले. आवाज मऊ करून म्हणाले, "किसनराव, गावाच्या कामात आडवं येऊ नये मानसानं."

"आमी गावात कुठं हाय, सरपंच?" आबा म्हणाले. "तुमचाच कागद हाय ह्यो. वस्ती गावठाणाच्या भाईर."

साहेब जीपमध्ये बसले आणि काच वर केली.

पुढची गंमत ऐका. गावठाण सोडलं तर वाळूला वस्तीवाचून दुसरी वाटच नाही, असं ठेकेदार सगळ्यांना सांगत होता. आम्हीही तसंच रिपोर्टात लिहीत होतो. ती वाट पाच दिवसांत तयार झाली. नदीकाठानं, सरपंचांच्या उसाच्या कडेनं, थेट सडकेला. वस्तीतल्या वाटेपेक्षा जवळची होती. आधी का केली नाही, तर ऊस धुळीनं खराब झाला असता. वस्तीतली माणसं धुळीनं खराब होत नसावीत. पंधरवड्यात उसाची पानं करडी पडली आणि ग्रामपंचायतीचा दुसरा ठराव आला. गावठाणाबाहेरही ट्रकांनी ताडपत्री बांधलीच पाहिजे, आणि ठेकेदारानं वाटेवर रोज पाणी मारलंच पाहिजे. ठेकेदार निमूट पाणी मारायला लागला. तीच माणसं, तीच धूळ, तेच नियम. ते पाळता येत होते, हे एवढं सोपं होतं.

मला मेमो आला. सदर पत्र कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं, याचा खुलासा करा. मी खाली लिहिलं, "आपल्या." महिन्याभरात माझी बदली झाली. जाण्याआधी एका रविवारी मी त्या गावी गेलो आणि वस्तीतल्या गवंड्याला ती चीर कशी खोदून भरायची ते दाखवलं. हे मी पहिल्या पाहणीच्या दिवशीच करू शकलो असतो. त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. केलं नाही, कारण मला अर्ज निकाली काढायचा होता.

पुढं तीस वर्षं नोकरी केली आणि साहेब होऊन रिटायर झालो. एवढंच शिकलो, की ऑफिस अंग काढून घ्यायला जे लिहितं ते खरं धरून कुणी चालायला लागलं, की ऑफिसाची बोबडी वळते. आम्ही सगळे शिकलेसवरलेले. आमच्यातल्या एकानंही त्या विहिरीसाठी बोट हलवलं नाही. आबांनी आमचेच तीन कागद वाचले आणि त्यावर ज्वारी पेरली. त्यांच्या सुनेला गावच्या विहिरीवर एकदाही जावं लागलं नाही.