अंगठ्याएवढं टक्कल

माझ्या घरात बिनकाट्याचे निवडुंग आहेत असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, काटाच नाही तर त्याला निवडुंग का म्हणायचं? मी विचारते, न भुंकणाऱ्या कुत्र्याला तुम्ही काय म्हणता? तिथे विषय संपतो.

वरून पाहिलं तर हा चपटा, आठ फाकांचा गोळा दिसतो, चांदणीसारखा. प्रत्येक फाकेवर मधोमध लोकरीच्या टिकल्यांची ओळ, आणि बाकी अंगभर पांढरे ठिपके. जंगली जातीत ठिपके बारीक असतात, पीठ भुरभुरल्यासारखे. जपानमधल्या शौकिनांनी वर्षानुवर्षं निवड करून त्याचं एक वाण तयार केलं. त्यात ठिपके इतके मोठे आणि दाट असतात की हिरवा रंग शोधावा लागतो. त्या वाणाच्या जपानी नावाचा अर्थ शिरस्त्राण. आमच्या भिलाईत, पोलाद कारखान्याच्या गावात, शिरस्त्राण घराघरात खुंटीला लटकलेलं असतं, त्यामुळे मला ते नाव लगेच आपलंसं वाटलं.

सुरुवात मात्र फसवणुकीने झाली होती. सुपेल्याच्या बाजारात एका हातगाडीवर मी लाल फुलाचा छोटा निवडुंग घेतला. चार महिने झाले तरी फूल कोमेजेना. सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या, "पाहा बाई, आमच्या सुनेच्या हाताले कसा गुण आहे." एक दिवस मी फुलाला हात लावला तर ते गोंदासकट हातात आलं. वाळलेलं फूल, चिकटवलेलं. त्या दिवसापासून मी विकतचं झाड घेणं सोडलं आणि बियांच्या मागे लागले. पोस्टाने आलेल्या चिमूटभर बिया, विटांचा चुरा, जाड रेती, आणि क्वार्टरच्या मागच्या अंगणात हिरव्या जाळीखालचं एक लोखंडी शेल्फ, एवढाच माझा संसारातला संसार.

ही झाडं स्वतःच्या परागाने बी धरत नाहीत. एकाच दुपारी दोन झाडं फुलावी लागतात, मग बारीक ब्रशने एकाचा पराग दुसऱ्याला लावायचा. त्यासाठी मी चित्रकलेचा सगळ्यात बारीक ब्रश आणला होता. उन्हाळ्यात बाराच्या ठोक्याला मी डोक्यावर ओला पंचा घेऊन झाडापुढे उकिडवी बसायची, आणि सासूबाई दारातून म्हणायच्या, "मंगळसूत्र मातीत पडलं असतं तरी तू इतकी वाकली नसती."

माझ्याच पेरणीतलं एक रोप सहाव्या-सातव्या वर्षी असं काही निघालं की मी स्वतःच चकित झाले. ठिपके वेगवेगळे न राहता प्रत्येक फाकेवर एकमेकांत मिसळून कोनासारख्या रेषा झाल्या होत्या, आठही फाकांवर सारख्या. असं हजारात एखादं निघतं म्हणतात. मी हजार पेरले नव्हते, पण माझ्या वाट्याला ते आलं. मी कुणाची परवानगी न घेता ते हिवाळ्यातल्या फुलझाडांच्या प्रदर्शनात नेलं.

प्रदर्शन नेहरू नगरातल्या एका हॉलमध्ये, बागेची आवड असलेल्या हौशी लोकांनी भरवलेलं. निवडुंगांच्या टेबलावर माझी कुंडी सगळ्यात लहान होती. परीक्षक बाई बाहेरगावच्या होत्या, निवडुंगांवर त्यांचा मोठा अधिकार आहे असं सगळे सांगत होते. त्या माझ्या कुंडीपाशी बराच वेळ थांबल्या. माझी छाती फुगली. मग त्यांनी अंगठा जिभेला लावला, झाडाच्या एका फाकेवर दाबून फिरवला, आणि रुमालाला पुसला. रुमालावर पांढरं उमटलं.

हे ठिपके म्हणजे केसांचे बारीक झुबके असतात. ओल्या बोटाने घासले की निघतात. हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. पण बाजारात रंगवलेले निवडुंग इतके झाले आहेत की त्यांना आधी रंगच सुचला असावा. आज मी हे समजून लिहिते आहे, त्या दिवशी समजून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

"मैडम, ये बाल हैं, चूना नहीं," मी म्हटलं. आजूबाजूचे हसले. झाडाला केस. बाई माइकपाशी गेल्या आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "कलाकारी अच्छी है, पर ये बागवानी की प्रतियोगिता है, पेंटिंग की नहीं." मग तर हसण्याचा पूर आला. माझ्या कुंडीवर 'अपात्र' अशी चिठ्ठी लागली. मी ती चिठ्ठी न काढता, कुंडी कडेवर घेऊन, बसने घरी आले. बसमधल्या लोकांनीही वाचली असेल. वाचू दे म्हटलं.

टाउनशिपमध्ये बातमीला पाय नसतात, चाकं असतात. कारखान्याची पहिली पाळी सुटेपर्यंत ती आमच्या गल्लीत पोचली होती. आठवडी बाजारात भाजीवालीपाशी दोघी बायका माझ्याकडे बघून कुजबुजल्या, 'चूनेवाली भाभी'. ते नाव मला चिकटलं. आणि त्याला हातभार लावला तो सासूबाईंनी, अगदी निरागसपणे. कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, "मले नाही मालूम बाई. बुरुश तं आहे तिच्याजवळ. दुपारी लावत राहते काहीतरी."

घरी एकदा त्या माझ्याजवळ बसून हळूच म्हणाल्या, "लावला असन तं लावला, त्याच्यात काय? सांगून टाक ना माय. मी कोणाले नाही सांगत." मला राग आला, पण त्यांचं मी मनावर घेतलं नाही. घाव बसला तो पुढचा.

माझे यजमान प्लांटमध्ये, रूळ बनवणाऱ्या रेल मिलला. मुळात भंडाऱ्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. खोटं बोलणं त्यांना येत नाही आणि फार बोलणंही येत नाही. मी रात्रीचं जेवण वाढत होते तेव्हा ते ताटाकडे बघत म्हणाले, "मिलमधे पोरं विचारून राहिले. तू खरं सांग मले. लावलं तं नाही ना काही?"

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. या माणसाच्या पगाराच्या पाकिटाला मी कधी न सांगता हात लावला नव्हता, आणि याने मला विचारलं, तू चोरी केलीस का. खरं तर उठून झाड आणायचं, भिंग द्यायचं आणि म्हणायचं, बघा. दोन मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही.

"तुमाले आता मी पुरावा देऊ?" मी म्हटलं. "कावून देऊ?"

"मी तं फक्त विचारलं."

"विचारलं तेच लय झालं."

पंधरा दिवस आम्ही मीठ-तिखटापुरतं बोललो. नंतर बोलणं सुरू झालं, पण तो प्रश्न तिथेच राहिला. त्यांनी पुन्हा विचारला नाही आणि मी उत्तर दिलं नाही. मला लोकांच्या 'चूनेवाली'चं फारसं काही वाटत नव्हतं. पण रोज शेजारी झोपणारा माणूस मनात काय धरून आहे, हे मला कळत नव्हतं. ते कळल्याशिवाय मला चैन नव्हती. हट्टी आहे मी, हे कबूल करते. हट्टाने माझं नुकसानही झालं आहे. पण निर्दोष माणसाने आपल्याच स्वयंपाकघरात उलटतपासणी द्यावी, हे मला आजही मान्य नाही.

दरम्यान झाडाने आपलं काम चालू ठेवलं. जिथे अंगठा फिरला होता तिथे हिरवंगार टक्कल पडलं, अंगठ्याएवढं, आणि ते तसंच राहिलं. एकदा गेलेले ठिपके त्या जागी परत येत नाहीत. नवी वाढ मधल्या शेंड्यातून येते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात शेंड्यातून नवी चामडी बाहेर सरकत गेली, आणि तिच्यावर तेच पांढरे कोन, तशाच रेषा, सगळ्या फाकांवर. टक्कल थोडं खाली सरकलं. त्याच्या वरती, त्याच फाकेवर, नवे ठिपके.

ते बघताना एक दिवस मला हसू आलं. चुना असता तर मी पुन्हा लावला नसता का? टक्कल बुजवायला पाच मिनिटं लागली असती. माझा पुरावा म्हणजे ती उघडी जागाच होती, आणि ती खुद्द परीक्षक बाईंनीच माझ्या झाडावर करून ठेवली होती.

पुढच्या हिवाळ्यात मी तेच झाड पुन्हा नेलं. नाव नोंदवून घेणारे गृहस्थ भले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाभी, दूसरा पौधा ले आतीं. नहीं तो इसको ज़रा घुमा के रखिए, दाग पीछे चला जाएगा." मी कुंडी घुमवली, टक्कल पुढे येईल अशी.

परीक्षक त्याच बाई. त्यांनी झाड ओळखलं, मला ओळखलं. या वेळी त्यांनी पर्समधून भिंग काढलं. आधी टक्कल बघितलं, मग त्याच्या वरची नवी वाढ बघितली, मग पुन्हा टक्कल. माझ्याकडे न बघता त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि कुंडीला टेकवून ठेवली. 'प्रथम'.

"ये नहीं चाहिए," मी म्हटलं.

"प्रथम दे तो दिया. अब क्या?"

"प्रथम माँगा किसने? आपने माइक पर बोला था. माइक पर ही बोलिए."

आजूबाजूची मंडळी गोळा झाली. नाव नोंदवणारे गृहस्थ "जाने दीजिए भाभी" म्हणू लागले. कुणी म्हणालं, मोठ्या आहेत, पाहुण्या आहेत. मी तिथून हलले नाही. टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिले. बाईंची वाटही सोडली नाही.

शेवटी बाई माइककडे गेल्या. घसा साफ करून म्हणाल्या की मागच्या वर्षी एका झाडाबद्दल थोडी गलतफहमी झाली होती, आणि निसर्गात किती विविधता असते बघा. टाळ्या पडल्या. कोणतं झाड, कोणाचं, कसली गलतफहमी, काही नाही. मागच्या वर्षी मात्र सगळ्या हॉलने माझ्याकडे वळून बघितलं होतं.

मी कुंडी उचलायला वाकले, तेवढ्यात माइक खरखरला. वर बघितलं तर माझे यजमान उभे. पहिली पाळी संपवून थेट आलेले, अंगात प्लांटचा युनिफॉर्म, हातात हेल्मेट. ते कधी आले, केव्हापासून मागे उभे होते, मला माहीत नव्हतं. या माणसाने स्वतःच्या पुतण्याच्या लग्नात दोन शब्द बोलायला नकार दिला होता.

"गलतफहमी नहीं," ते म्हणाले. त्यांचं हिंदी मिलमधलं, सरळसोट. "इसको सबके सामने चोर बोला था. सब हँसे थे. वो जो पौधा है न, टेबल पे, छोटा वाला, उसको रंग नहीं लगाया था." मग हेल्मेट काखेत धरलं. "मैं इसका घरवाला हूँ. मैं भी घर में यही पूछा था इसको. मैं भी." एवढं बोलून त्यांनी माइक शेजारच्या माणसाच्या हातात दिला आणि माझ्याकडे न येता दाराबाहेर गेले.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. काय करावं ते कुणाला कळलं नसावं. बाईंनी नजर खाली घातली. मी 'प्रथम'ची चिठ्ठी टेबलावरच ठेवली आणि कुंडी घेऊन बाहेर आले.

ते स्कूटर लावून वाट बघत होते. मी मागे बसले, कुंडी दोघांच्या मध्ये मांडीवर. सुपेल्याच्या चौकात नेहमीसारखी गर्दी अडकली होती, तेव्हा ते मान थोडी वळवून म्हणाले, "किती वर्षाचं झालं हे?"

"आठ."

"आठ वर्षं मागच्याच अंगणात होतं?"

"हो."

"मंग मी काय पाहून राहिलो होतो इतके दिवस?"

माझ्याजवळ या प्रश्नाची बरीच उत्तरं होती, आणि काही तर वर्षभर पाठ करून ठेवलेली. एकही दिलं नाही. मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं तेव्हा तो माझा हट्ट होता. हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला होता, आणि त्याचं उत्तर त्यांचं त्यांनीच द्यायचं होतं.