चेहरा शेवटी

आम्ही दोघांनी जोडीनं शेवटचं काय केलं, तर शाळेच्या बाकावर बसलो आणि नववीच्या पोरांनी आमची चित्रं काढली. यात सांगण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं. भात झोडून झालं होतं, पेंढा रचून झाला होता, आणि शनिवारी सकाळी म्हातारा-म्हातारीला दुसरा उद्योग नव्हता.

माझं शिक्षण चौथी. तिचं तेवढंही नाही. पण आंदर मावळातल्या आमच्या गावात हायस्कूल आहे ते बरोबर आमच्या घरासमोर, मधे फक्त रस्ता आणि रस्त्यावर आमच्या कोंबड्या. त्यामुळे शाळेत काय शिकवतात ते ओट्यावर बसून फुकट ऐकायला मिळतं. गणिताला मला झोप यायची. चित्रकलेच्या बाई नव्या आल्या तेव्हापासून मात्र शनिवारी मी ओटा सोडला नाही. चित्रकलेला वेगळी खोली नाही, म्हणून त्या पोरांना व्हरांड्यातच बसवायच्या.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "तुमचं गाव काढा." सगळ्या पोरांनी एकच गाव काढलं. दोन टोकदार डोंगर, मधे अर्धा सूर्य, एक नदी, एक झोपडी आणि झोपडीशेजारी नारळ.

बाई म्हणाल्या, "आता मान वर करा. समोर बघा. नारळ कुठे आहे?"

पोरं बघायला लागली. डोंगर सपाट, वरती पवनचक्क्या. खाली आमचं घर, पेंढ्याची गंज, मी. नारळ नाही.

एक पोरगं म्हणालं, "बाई, गावात न्हाई. चित्रात आसतुय."

मी ओट्यावरून मोठ्यानं हसलो. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पोरांना म्हणाल्या, "माहीत आहे ते काढू नका. दिसतंय ते काढा." मग दर शनिवारी हेच. तांब्या ठेवला तरी हेच, कुणाची चप्पल ठेवली तरी हेच. आधी मोठा आकार, मग त्यातला लहान, बारीक काम सगळ्यात शेवटी. डोळे बारीक करून बघा. खोडरबर लांब ठेवा.

मग एकदा त्या आमच्या दारात आल्या. खरा माणूस समोर बसवून मुलांना काढायला लावायचा होता. मी म्हणालो, "बैल हाय, त्यो न्या. लय शांत हाय."

पण बाई वलवणच्या, आणि वलवण माझ्या बायकोचं माहेर. वलवणचं कुत्रं जरी आलं असतं तरी तिनं त्याला भाकरी घातली असती. ही तर धरणाकडच्या आळीतली पोरगी, एवढ्या लांबून स्कूटीवर येणारी. तिला चहा पाजून, तिच्या आजीची चौकशी करून झाल्यावर बायको म्हणाली, "बसते मी. पन तोंड काढायचं न्हाई."

कारण असं, की तिचा पुढचा एक दात पडला होता. पडून वर्षं झाली होती. तेव्हापासून कुणी फोटोसाठी फोन वर केला की हिचा पदर तोंडावर. मुलाच्या लग्नातले सगळे फोटो बघा, माझ्या शेजारी एक पदर उभा आहे.

बाई म्हणाल्या, "मावशी, चेहरा शेवटी असतो. या शनिवारी नुसते मोठे आकार. चेहरा पुढच्या शनिवारी बघू."

"मंग बसते," ती म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, "अवं, तुमीबी धुतलेली टोपी घाला. बैल म्हनं!"

तर बसलो. बाकाच्या डाव्या अंगाला मी, उजव्या अंगाला ती. पाचच मिनिटांत तिचं सुरू झालं. कुणाची आई कशी आहे, कुणाच्या म्हशीला काय झालं, जांभळाच्या झाडावर कोण चढलं होतं. बाई म्हणायच्या, "मावशी, हलू नका." ती म्हणायची, "मी कुटं हलले? तोंड हाललं. तोंड तर काढायचं न्हाई ना?"

मग बाईंनी पोरांना माप घ्यायला शिकवलं. हात सरळ पुढं करायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि समोरच्या माणसाचं डोकं पेन्सिलीवर मोजायचं. सगळ्या पोरांनी हात पुढे केले आणि एकेक डोळा मिटला.

बायकोनं हे बघितलं. आधी एकाकडं, मग दुसऱ्याकडं, मग सगळ्या रांगेकडं.

"आरं मेल्यांनो," ती ओरडली, "म्हाताऱ्या बाईला डोळा मारताय व्हय? आन ते बी नवऱ्यासमूर?"

व्हरांडा कोसळला नाही एवढंच. पोरं लोळायला लागली. बाई खांबाला धरून हसत होत्या. आणि बायको स्वतःच्याच बोलण्यावर अशी हसली, की माझ्या खांद्यावर कलंडली. पदर कुठं, दात कुठं, तिला कसलं भान नव्हतं.

घंटा झाली. पोरांनी चित्रं दाखवली. प्रत्येक कागदावर दोन पोती शेजारी शेजारी ठेवल्यासारखे आम्ही, आणि वर दोन कोरी अंडी.

रस्ता ओलांडून घरी येताना ती म्हणाली, "पुढच्या शनवारी दाताचं काय करायचं वं?"

मी म्हणालो, "तोंड मिटून बस. जमतंय का बघ."

त्यावर तिनं माझ्या पाठीत बुक्की घातली.

बुधवारी ती गेली. दुपारी भात टाकला, खाली बसली, भिंतीला टेकली. मी म्हणालो, "अगं, भात लागलाय." नेहमी या बोलण्यावर ती मला चार शब्द सुनवायची. त्या दिवशी काही बोलली नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. मी म्हणालो, असेल.

तेराव्याला फोटो पाहिजे. मुलगा उर्स्याला राहतो, तिकडच्या कारखान्यात असतो. त्यानं सगळे फोन शोधले. पदर, पदर, पाठ, पदर. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात ओठ आवळून, डोळे फाडून बसलेली कुणी बाई होती. कोंबडी चोरताना धरल्यासारखी. पाहुणे हात जोडत होते आणि मला वाटत होतं, यांना सांगावं की ही ती नव्हे. पाहुणे गेल्यावर मी तो फोटो भाताच्या कणगीमागं ठेवला. भिंत मोकळी राहिली. त्या मोकळ्या भिंतीकडं बघून मला एकच भीती वाटायची, की तिचं तोंड मला आठवायचं बंद झालं तर?

म्हणून पुढच्या शनिवारी मी शाळेत गेलो. मला बघून पोरं गप्प झाली. मला तसलं गप्प आवडत नाही. मी म्हणालो, "बाई, तोंड ऱ्हाईलंय तिचं. येवडं करून द्या."

बाई म्हणाल्या, "आबा, ही मुलं आत्ता कुठे शिकतायत. समोर बघून काढतानाच चुकतात. आठवून काढलं तर सगळ्या आज्या सारख्या निघतील."

"काढू तर द्या."

त्यांनी काढल्या. पोरांनी जीव लावून काढल्या, जिभा बाहेर काढून काढल्या. मग ओळीनं कागद माझ्यासमोर धरले. गोल तोंड, मोठं कुंकू, मागं अंबाडा आणि डोळ्यांवर चष्मा.

"ही तर पोस्टातली बाई," मी म्हणालो. "ही माझी मेव्हणी. ही तर फौजदार हाय. आन चष्मा कुनाचा रं? तिला जन्मात चष्मा न्हवता."

ज्याला विचारलं तो म्हणाला, "आबा, आजी म्हनल्यावर चष्मा आसतुय की."

बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हाच तो नारळ." आणि आम्ही दोघं हसलो. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच हसलो असेन. पण तोंड काही मिळालं नव्हतं, आणि मी टोपी सारखी करून निघालो.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक पोरगी उठली. डोंगरापलीकडच्या वाडीवरून चालत येणारी, आमच्या ओट्यावर बसून पाणी पिऊन मग शाळेत जाणारी. बोलणं कमी. तिनं कागद छातीशी उलटा धरला होता.

"बाई, रागावनार न्हाई ना?"

"दाखव."

तिनं कागद फिरवला. तो त्या शनिवारचा होता. सगळी पोरं आमची पोती काढत होती तेव्हा हिनं नुसता चेहरा काढला होता, कागदभर. हनुवटी लांब झाली होती. एक डोळा खाली, एक वर. पण तोंड उघडं होतं, आणि त्यात एका दाताच्या जागी काळं केलं होतं. डोळा मारण्यावरून हसली होती ना, ते हसणं. इकडं कागदाच्या कडेला माझ्या खांद्याची एक रेघ, जिच्यावर ती कलंडली होती.

मी नाक शिंकरलं.

बाई तिला म्हणाल्या, "मी चेहरा शेवटी म्हटलं होतं ना?"

पोरगी म्हणाली, "व्हय. पन तुमीच म्हनला दिसतंय ते काढा. मला तेवडंच दिसत हुतं."

बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं."

मी हात पुढं केला. "आन हिकडं."

"न्हाई," पोरगी म्हणाली.

"का न्हाई?"

"आजून व्हायचाय. कान ऱ्हाईलाय."

"आगं, कानाचं काय घिऊन बसलीस? दे."

"आबा, अर्दा देत न्हाईत," ती म्हणाली आणि कागद परत वहीत घातला. बाईंनी मला डोळ्यांनी सांगितलं, राहू द्या.

असा मी त्या तासाला बांधला गेलो. दर शनिवारी विचारायला जायचो, "झाला का कान?" आणि तिथंच बाकावर बसायचो. रिकामा माणूस समोर बसलाय म्हटल्यावर पोरं त्याला काढणारच. माझी टोपी काढली, काठी काढली, हातांच्या शिरा काढल्या. एका पोरानं माझं नाक काढलं ते बघून मी त्याला म्हणालो, "हे सुरन कुटनं आनलं?" तो म्हणाला, "आबा, दिसतंय ते काडलंय." हळूहळू त्यांचे हात बसायला लागले. पोत्यांना खांदे आले, अंड्यांना गाल आले. सावली कुठल्या अंगाला पडते ते मलाही कळायला लागलं. घरी दुपारी तांब्याची सावली भिंतीवर सरकताना बघत बसायचो. बायको असती तर म्हणाली असती, ह्यांना लागलं याड.

पोरीला मात्र कान सापडत नव्हता. हसताना पदर घसरला होता, कान दिसला होता, पण कसा होता ते तिला आठवत नव्हतं. आणि न बघता काढायचं नाही हे तिनं इतकं मनावर घेतलं होतं, की बाईंनीच आता सोड म्हटलं तरी सोडेना. पोरं दहावीत गेली. वर्षश्राद्ध जवळ आलं. मग एके शनिवारी ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, माझ्या कानाकडं टक लावून.

"आबा, आजीचा न्हाई मिळत. तुमचा काडते. तुमचा तर हाय हितं."

आणि तिनं कागदाच्या कडेला, त्या खांद्याच्या रेघेच्या वर, माझा कान काढला आणि अर्धी टोपी. बायकोच्या कपाळाला टेकलेला कान. ती बोलतीये आणि मी ऐकतोय. आमच्या संसाराचं याहून खरं चित्र कुणी काढणार नाही.

मुलानं त्याला काच करून आणली. वर्षश्राद्ध शुक्रवारी आलं. माझी थोरली बहीण सकाळीच हजर. चित्र बघून ती म्हणाली, "आरं, दात भरून घे पोरीकडनं. चारचौघांत बरं दिसतं का? तिला सवताला आवडलं आसतं का?"

"न्हाई आवडलं आसतं," मी म्हणालो. "राग यील तिला. येऊ दे. त्या निमतानं बोलंल तरी."

आक्कानं कपाळावर हात मारला आणि झेंडूचा मोठा हार घेऊन चौकटीला घातला. घातला आणि मागं सरकली. सगळे बघायला लागले. मग मुलगा म्हणाला, "आत्या, हार आबांनाबी घातला की!"

खरंच, माझ्या कानावरून हार लोंबत होता. आक्का "आगं बाई, आगं बाई" करत काढायला धावली. मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे, आक्का. दुसऱ्यांदा आनायचा खर्च वाचला." ती मला मारायला उठली आणि जेवायला आलेली सगळी माणसं पोट धरून हसली. वर भिंतीवर तीही हसतच होती. वर्षश्राद्धाला इतकं हसलेलं घर मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी अंघोळ केली. कोयत्यानं हार मधोमध कापला. अर्धा तिच्या बाजूला परत लावला, माझ्या बाजूचा अर्धा बैलाला खायला घातला. धुतलेली टोपी घातली आणि रस्ता ओलांडून शाळेत गेलो. त्या दिवशी तास दहावीचा नव्हता, नववीच्या नव्या पोरांचा होता. मी बाकाच्या डाव्या अंगाला बसलो, नेहमीसारखा.

बाई म्हणाल्या, "मुलांनो, आज आबा आहेत. आधी मोठे आकार…"

"बाई," मी म्हणालो, "आज चेहऱ्यापासनं करा."

बाई म्हणाल्या, "बरं. आज चेहऱ्यापासून."

पोरांनी हात पुढं केले, पेन्सिली उभ्या धरल्या आणि एकेक डोळा मिटला. मीही एक मिटला.