रोह्यांच्या लेंड्या मोजायला गेले त्याची गोष्ट

थंडीत शहाणी माणसं स्ट्रॉबेरी खायला जातात. मी परभणी जिल्ह्यात लेंड्या मोजायला गेले. दोष माझ्या भाचीचा. तेजू जंगली जनावरांचा आणि त्यांच्या परिसराचा अभ्यास करते, आणि गेलं वर्षभर झरीच्या पुढे एका शेतकरी कुटुंबाकडे राहून रोह्यांच्या मागे फिरतेय. रोही म्हणजे नीलगाय. "मावशी, तुझ्या ब्लॉगवर नुसते किल्ले आणि समुद्र. एकदा आमचं काम बघ की," अशी तिची तीन महिने पिरपिर चालू होती. शेवटी म्हटलं, चल बाई, एकदाची येते.

माझी एक खोड नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. मला केर सहन होत नाही. हॉटेलात गेले तरी आधी चादर झटकते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी तेजूला न विचारता तिच्या घरमालकीणबाईंना, मथुराकाकूंना, फोन लावला. "काकू, मी उद्या येतेय. घरात, शेतात जिथे जिथे आम्ही जाणार तिथे जरा झाडून-बिडून ठेवा हं. मला धुळीचा त्रास आहे."

"या की आक्का. समदं लख्ख करून ठिवते," काकू म्हणाल्या. किती गोड बाई, असं मला वाटलं.

नाशिकहून परभणीला सकाळची गाडी पकडा, खिडकी मिळवा आणि डबा घरून न्या. गाडीतल्या चहाबद्दल मी काही बोलणार नाही. परभणीला उतरून स्टँडवर जिंतूरकडे जाणारी एसटी धरायची. झरीपर्यंतचं तिकीट पन्नासच्या आसपास, पण मागच्या बाकावर बसू नका. मी बसले, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा माझ्या मणक्यांनी मोजला. झरीला तेजू स्कूटी घेऊन उभी होती. माझी बॅग पुढे, मी मागे, आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन, रब्बीची टाळकी ज्वारी, मधूनच हरभऱ्याचा हिरवा पट्टा. सुंदर होतं, हे कबूल करते. पण डोळ्यांत माती गेल्यावर सौंदर्य किती बघणार?

घर मात्र आरशासारखं. अंगण सारवलेलं, पायरीवर रांगोळी. रात्रीचं म्हणाल तर भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि वर तेल. (मुक्कामासाठी कुणी जाणार असाल तर परभणीतच लॉज बघा. इथे पाहुणा झालात तर उपाशी झोपू देत नाहीत, पण पाहुणं व्हायला ओळख लागते.) जेवताना तेजूने काम समजावलं. रोही लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा ठरलेल्या जागीच येतो. हरभऱ्याला लागून काकूंच्या घरचा एक पडीक पट्टा आहे, तिथे तिने बारा चौकोन आखलेत, प्रत्येकाच्या कोपऱ्यांना चुना लावलेले चार दगड. दर तीस दिवसांनी चौकोनातल्या लेंड्या मोजायच्या आणि मग चौकोन साफ करून टाकायचा, म्हणजे पुढचा महिना शून्यापासून. अकरा महिने झाले होते. उद्याचा बारावा, हरभऱ्याचे घाटे भरतात तो. बाकी सगळे आकडे या एका आकड्यासाठी.

"ह्याच्यातून काय निघनार?" असं मी नव्हे, बाबारावकाकांनीच विचारलं. काकूंचे यजमान, कमी बोलणारा माणूस.

"काका, पडीक ठेवलं तर रोही तिथंच चरतो की हरभऱ्यात जास्त घुसतो, ते कळेल," तेजू म्हणाली.

"एक साल तुझ्यासाठी थांबलो, माय. ह्या उन्हाळ्यात नांगर घालायचाय. अर्धा एकर रिकामा पडायलाय."

"उद्याचं झालं की घाला."

मी मनात म्हटलं, लेंड्यांसाठी अर्धा एकर! अभ्यास करणाऱ्यांचं एक वेळ सोडा, त्यांना जागा देणाऱ्यांना काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी साडेपाचला उठवलं. थंडी अशी की दात वाजत होते. बांधावरून चालताना दवाने सलवार गुडघ्यापर्यंत भिजली, त्यावर कुसळं चिकटली, आणि तेजू पुढे टणाटणा उड्या मारत चाललेली. "मावशी, आवाज करू नकोस." मी कुठे आवाज करत होते? मी फक्त कण्हत होते.

पडीक पट्ट्यापाशी पोहोचलो आणि तेजू थांबली. मला आधी वाटलं रोही दिसला.

बाराच्या बारा चौकोन झाडून लख्ख. खराट्याचे फराटे स्पष्ट दिसत होते. वरून शेणाचा सडा घातलेला, आणि चुन्याच्या प्रत्येक दगडाभोवती रांगोळीचं बोट फिरवलेलं. एक लेंडी नव्हती. सगळ्या पडीक पट्ट्यात तेवढेच बारा चौकोन सणाच्या अंगणासारखे उठून दिसत होते.

तेजू खाली बसली. रडली नाही. वहीचं पान उघडलं, मिटलं, परत उघडलं.

मागून काका-काकू चहाची किटली घेऊन येत होते. काकूंच्या चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू. "पोरगी दर म्हैन्याला वाकून वाकून झाडायलीय. काल म्हनलं, ह्या बारीला म्याच झाडून ठिवावं. पाहुन्यांसमोर तिला कामून वाकायला लावायचं?"

"काकू, लेंड्या मोजल्यात का?" तेजूने अगदी हळू विचारलं.

"लेंड्या कामून मोजू माय? पाटी भरून उकिरड्यावर शेनात कालवल्या."

काकांना लगेच उमगलं. त्यांचा आवाज चढला. "मोजायच्या आदी झाडतेत का? अकरा म्हैने बघायलीस ना तू? कुनी सांगितलं तुला?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मग पदर सावरत म्हणाल्या, "कुनी न्हाई. माझंच डोस्कं."

इथे मी तोंड उघडायला हवं होतं. आता लिहिताना किती सोपं वाटतंय! तेव्हा मी सलवारीची कुसळं काढत बसले.

"आता?" मी शेवटी विचारलं तेही एवढंच.

"हरभरा वर्षातून एकदाच येतो, मावशी," तेजू म्हणाली. म्हणजे तिचं आणखी एक वर्ष, आणि पडीक तसंच राहिलं तर. ती काकांकडे बघत नव्हती. मागायची तिची हिंमत नव्हती.

काकांनी रांगोळीकडे पाहिलं. "चूक आमच्या घरची हाय," ते म्हणाले. "नांगर न्हाई घालत. हरभऱ्यावर हरभरा कुनी घेत न्हाई, पन पुढल्या साली बी शेजारच्या वावरात हरभराच पेरतो. मोज तू निवांत."

त्या दुपारी काकूंनी हुरडा भाजला. लसणाची चटणी, दही, गूळ. सगळे म्हणतात मराठवाड्यात हुरडा खावा, जरूर खा, मला मात्र चव लागली नाही. निघताना काकूंनी ओटी भरली, वर पिशवीभर घाटे दिले. मी सगळं घेतलं आणि एसटीत बसले, पुन्हा मागच्याच बाकावर.

घरी येऊन आठ दिवस ही पोस्ट लिहायची टाळत होते. मग तेजूने वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला. मोजणी चुकली की कारण लिहावं लागतं म्हणे. तिने लिहिलं होतं: "सर्व चौकोन झाडले गेले. कारण: घरी पाहुणे." तिला माहीत नव्हतं की तिने बरोबर लिहिलंय. मी आधी तिला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकांना सांग." काकांना सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले, आणि फोन काकूंकडे दिला.

"काकू, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"आवो आक्का, दारात आलेल्या पाहुन्याचं नाव घेत असतेत व्हय?"

"पण नुकसान माझ्यामुळं झालं. पुढच्या वर्षी मी येते महिनाभर, तेजूबरोबर मोजायला."

"या की. लय बरं वाटंल," काकू म्हणाल्या. मग हसू दाबत, "फकस्त सांगून येऊ नका."