डावीकडचा टाळ

गाडीच्या स्टिरिओचा आवाज फाटतो म्हणून माणूस परबमामांच्या दुकानात जायचा आणि मामा त्याला आधी सगळं बंद करून गाडीत बसवायचे. स्टिरिओ बंद, इंजिन बंद, काचा वर. स्वतः शेजारच्या सीटवर बसायचे, हात मांडीवर, डोळे मिटलेले. गिऱ्हाईक बिचारं घामाघूम होऊन त्यांच्याकडे बघत राहायचं. मला तर पहिल्या दिवशी वाटलं, म्हाताऱ्याला झोप लागली. मी खाकरलो, तेव्हा डोळे न उघडता म्हणाले, "काय ऐकू येता?"

"काहीच नाही."

"काहीच नाय असा कधी नसता. नीट ऐक."

मग ऐकू यायला लागलं. बाजूच्या गाळ्यात मसाला कुटायचं डंकन धडधडत होतं, वरच्या गॅलरीत कुणीतरी भांडी आपटत होतं, आणि माझा स्वतःचा श्वास चालला होता, तोही जरा जास्तच जोरात. मामा म्हणाले, "ह्यां सगळां आधी वजा कर. मगे उरता तो गाडीचो आवाज." लालबागच्या त्या गल्लीत मिरचीचा खकाणा इतका असायचा की काच खाली केली रे केली की दोघंही शिंकायचो.

मी मुळातच भित्रा. त्यात नोकरी विमा कंपनीत, गाड्यांच्या दाव्यांच्या टेबलावर. दिवसभर कुणाची गाडी कशी आपटली ते वाचायचं आणि संध्याकाळी आपली गाडी घेऊन घोडपदेवला घरी यायचं. सुजाता, माझी बायको, म्हणते, तू गाडी चालवत नाहीस, गाडीची नाडी बघत बसतोस. खरं आहे ते. गाडी सेकंडहँड, आणि आधीचा मालक भलताच शौकीन. त्याने मूळचा साधा टेप उपटून टच स्क्रीन बसवला होता, सीटखाली ॲम्प्लिफायर, डिकीत हा एवढा वूफर. नुसत्या बातम्या लावल्या तरी निवेदिका पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलतेय असं वाटायचं. आता स्पीकर पेटणार, मग वायरी, मग गाडी, मग आम्ही, अशी माझी साखळी तयार असायची.

मामांनी त्या दिवशी इंजिन चालू करायला लावलं आणि ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला. दाबला की स्पीकरमधून डासासारखी शिट्टी वर चढायची, सोडला की उतरायची. "अर्थिंग," ते म्हणाले आणि सीटखाली डोकं घातलं. अर्थची वायर कुणीतरी रंगावरच स्क्रूने आवळली होती. मामांनी तिथला रंग खरवडून खालचं लोखंड उघडं केलं आणि वायर पुन्हा घट्ट बसवली. शिट्टी गेली. मग ॲम्प्लिफायरचा शेवटपर्यंत पिळलेला गेन, म्हणजे आवाज वाढवायचा खुंटा, त्यांनी मागे आणला. आवाज कमी झाला, पण साफ झाला. "हेच्याकडे नाय तेवढो आवाज मागतत," ते पुटपुटले, "आणि मगे म्हणतत, फाटता."

हे त्यांचं नेहमीचं म्हणणं. फाटका आवाज म्हणजे त्यांच्या लेखी यंत्राने केलेली तक्रार. कुणी पोरगा येऊन "मामा, काच हलली पाहिजे" म्हणाला की ते त्याला म्हणायचे, "काच हलवूची तर सुताराकडे जा." गणपतीत सगळं लालबाग ढोलांनी दणाणून जायचं तेव्हा मामा दोन्ही कानांत कापूस घालून हिंडायचे. आरतीला उभे राहायचे तेही कापसासकट. लोक हसायचे. मामा म्हणायचे, "तुमका कान ऐकूक दिलेत. माका पोटाक दिलेत."

आवाज तपासायला त्यांच्याकडे एकच रेकॉर्डिंग होतं, त्यांच्या चाळीतल्या शुक्रवारच्या भजनाचं. दोन माइक लावून त्यांनी स्वतःच ते केलेलं. बुवा मध्ये, उजवीकडे मृदंग, डावीकडे टाळ. तो टाळ मामांनीच वाजवलेला. पेन ड्राइव्ह लावायचे, डोळे मिटायचे आणि मांडीवर बोटांनी तो टाळ धरायचे. टाळाचा झणकार शेवटपर्यंत विरत गेला पाहिजे, मध्ये तुटता कामा नये, मगच गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात. कितीही मोठा साहेब असो, त्याला भजन ऐकूनच जावं लागे.

माझ्या फेऱ्या वाढत गेल्या. निम्म्या वेळा बिघाड नसायचाच. मला खरखर ऐकू यायची, मामा टाळ लावायचे, म्हणायचे, "कायएक नाय. तुझ्या डोक्यात वाजता ता. घरी जा, जेव, नीज." रागवायचे नाहीत. त्यांच्या "कायएक नाय"साठीच मी तिथे जात असेन. डॉक्टर म्हणाला तरी माझा विश्वास बसत नाही, पण मामा म्हणाले की बसायचा.

एकदा मात्र खरोखरच डाव्या दारातून थरथर यायला लागली. मी गाडी नेली. मामांनी दाराचा पुठ्ठा काढला, आतली एक क्लिप निखळली होती, ती बदलली. थरथर थांबली. मग नेहमीप्रमाणे टाळ लावला. बोटं मांडीवर चालायला लागली आणि मध्येच थांबली.

"डावीकडे फाटता," मामा म्हणाले.

मी ऐकलं. टाळ स्वच्छ होता. पुन्हा ऐकलं. तसाच. "मामा, मला तर साफ येतंय."

"तुका?" ते हसले. "तुका नसलेलो आवाज येता. तू साफ म्हणतंस म्हणजे नक्की बिघडलेलो."

हसण्यासारखंच होतं, पण मी टाळ पुन्हा लावला. मला, जगातला कुठलाही आवाज बिघडलेला वाटणाऱ्या माणसाला, तो आवाज निखळ ऐकू येत होता.

मामांची पद्धत ठरलेली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बिघाड कुणाबरोबर जातो ते बघायचं. त्यांनी डाव्या दाराचा स्पीकर उजव्या दाराला लावला, उजव्याचा डाव्याला. बिघाड स्पीकरबरोबर गेला असता तर स्पीकर खराब. "डावीकडेच हा," मामा म्हणाले. मग स्क्रीनच्या मागच्या वायरींची अदलाबदल केली, म्हणजे टाळ उजवीकडून आणि मृदंग डावीकडून. आता त्यांना डावीकडचा मृदंग फाटका वाटायला लागला. ॲम्प्लिफायर सोडून थेट वायर ओढली. डावीकडेच. दर खेपेला ते माझ्याकडे बघायचे आणि मी "साफ आहे" म्हणायचो, दर खेपेला जरा हळू आवाजात. त्यांच्या मानेवर घाम आला होता. मी देवाला म्हणत होतो, बाबा, माझी गाडी जळू दे, पण बिघाड गाडीतच निघू दे.

कारण डावीकडचं आता सगळं बदलून झालं होतं. एकच उरलं होतं, आणि ते सांगायची माझी छाती होत नव्हती. या माणसाचं दुकान, नाव, घर सगळं दोन कानांवर चाललेलं. शेवटी मी म्हणालो, "मामा, आज राहू दे. उद्या बघू."

मामांनी वायरी होत्या तशा परत लावल्या. टाळ सुरू केला. मग ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ते गुडघे टेकून उलटे बसले, डिकीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी सीटची पाठ धरून. शाळेच्या बसमध्ये पोरं मागच्यांशी बोलायला बसतात, तसे. डोळे मिटले. रस्त्यावरून जाणारा एक जण वाकून बघायला लागला. गाडीत टाळ वाजत होता, माझ्या डावीकडून, त्यांच्या उजवीकडून. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आता टाळ साफ येत असणार त्यांना, पूर्ण साफ. आणि दुसऱ्या बाजूचा मृदंग फाटत असणार.

मामांनी डोळे उघडले.

"बाजू बदलली," ते म्हणाले. "आवाज माझ्यावांगडा इलो." म्हणजे बिघाड त्यांच्याबरोबर फिरला होता.

मी स्टिरिओ बंद केला. त्यांनी डाव्या कानावर तळहात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. सकाळपासून कानात गुणगुण होती म्हणाले, डंकनाची असेल असं वाटलं होतं. मला एवढंच कळत होतं की असल्या वेळी थांबायचं नसतं. पुठ्ठा उघडा, वायरी लोंबतायत, तसंच शटर ओढलं, वरून मामींना बोलावलं आणि परळच्या हॉस्पिटलात निघालो. मामी मागे बसून सारखं विचारत होत्या, "अहो, माझा ऐकू येता ना?" मामा दर वेळी म्हणत, "येता गो." हॉस्पिटल येईपर्यंत त्यांचं तेवढंच चाललं होतं. चिंतेच्या कामात माझा हात कुणी धरणार नाही असं मला वाटायचं, पण त्या दिवशी गाडी चालवताना माझ्या लक्षात आलं की आजवरची माझी सगळी काळजी लुटुपुटीची होती.

डॉक्टर म्हणाले, लगेच आणलंत ते बरं केलंत. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. मी ऑफिसातून सुटलो की वॉर्डात जायचो आणि मामा मला त्यांच्या डावीकडे बसवून हळू बोलायला लावायचे. एके दिवशी माझे शब्द कळायला लागले. नंतर पुष्कळसं परत आलं. सगळं नाही. बारीक, वरचे आवाज डाव्या कानाला फुटकेच राहिले. टाळ म्हणजे नेमका तोच आवाज.

मला वाटलं, आता शटर काही वर जात नाही. ज्या माणसाने कान जपायला कापूस घालून आरत्या केल्या, तो आता कुठल्या तोंडाने दुकानात बसणार? मी घाबरतच गल्लीत गेलो तर मामा दुकानात, आणि म्हणाले, "गाडी खंय? पुठ्ठो उघडो हा तुझो." पुठ्ठा बसवला. मग टाळ लावला आणि सरळ बसून ऐकला, बोटं मांडीवर.

"फाटता?" मी विचारलं.

"फाटता तर. पण आता माका म्हायत हा, तो माझो हा. तो वजा करूचो." मग ते उठले, सीटवर उलटे फिरून बसले आणि चांगल्या कानाने डावीकडचा टाळ ऐकून घेतला. "गाडी साफ हा. ने."

तेव्हापासून परबमामा प्रत्येक गाडी दोनदा ऐकायचे, एकदा सरळ आणि एकदा उलटं बसून. नवी गिऱ्हाइकं चक्रावायची, जुनी त्यांना समजावायची. कुणी विचारलं तर मामा लपवायचे नाहीत, "माझो डावो कान खोटा बोलता" म्हणून सांगून टाकायचे. गाड्या यायच्या थांबल्या नाहीत. मला राहून राहून याचंच नवल वाटायचं.

पुढे दुकानासकट चाळ पाडायला घेतली. मामा-मामी कणकवलीजवळच्या गावी गेले. निघताना मामांनी मला तो पेन ड्राइव्ह दिला. मी म्हटलं, मामा, मला खरखर ऐकू आली तर मी कुणाकडे जाऊ? ते म्हणाले, "फोन कर."

गेल्या आठवड्यात केला. परळच्या पुलावर बातम्या ऐकताना डावीकडून काहीतरी घासल्यासारखं यायला लागलं. पूल उतरून गाडी कडेला घेतली, फोन लावला आणि दाराजवळ धरला. मामा उजव्या कानाने ऐकत असणार. म्हणाले, "फोनवर कायएक समजणा नाय. तू उलटो बसून बघितलंस?"

नव्हतो बसलो. भर रस्त्यात, ऑफिसच्या कपड्यांत, मी शेजारच्या सीटवर गुडघे टेकून उलटा बसलो. बसस्टॉपवरची माणसं बघायला लागली. आधी सगळं बंद केलं. रस्त्याचा आवाज, माझा श्वास, माझी भीती, जमेल तेवढं वजा केलं. मग टाळ लावला. खरखर होती त्याच दारात होती. माझ्याबरोबर फिरली नव्हती.

"मामा, जागेवरच आहे. गाडीचाच आवाज आहे."

मग मामा म्हणाले, "मगे घाबरतंस कित्याक? गाडीचो आवाज दुरुस्त करूक येता."